दिवे लावले की इंजिन तापणारी जीप : फ्युएल इंजेक्शन बसवलेल्या एका जुन्या वाहनाच्या अर्थिंगचे प्रकरण

पावस परिसरातील एका आंबा बागायतदारांनी ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आपली पेट्रोल जीप आमच्या रत्नागिरीतील कार्यशाळेत आणली, तेव्हा त्यांची मुख्य तक्रार एका वाक्यात मावणारी होती. "दादा, दिवसा गाडी झकास चालते, पण रात्री दिवे लावले की इंजिन तापायला लागतं." त्याआधी दोन ठिकाणी जीप दाखवून झाली होती. थर्मोस्टॅट बदलला होता, रेडिएटर खोलून साफ करून घेतला होता, पाण्याचे तापमान मोजणारा सेन्सर दोनदा नवा बसवला होता आणि एका ठिकाणी तर हेड गॅस्केट बदलण्याचा सल्लाही मिळाला होता. सुदैवाने तो त्यांनी मानला नव्हता. तक्रारीचे आणखी दोन भाग होते. गरम इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा सेल्फ मारला की जीप लवकर सुरू होत नसे आणि पेट्रोलचा उग्र वास येई. आणि सेल्फ मारताना डॅशबोर्डवरचा इंजेक्शनचा छोटा पडदा अधूनमधून क्षणभर काळा पडत असे.

हे प्रकरण सविस्तर लिहिण्याचे कारण असे की, जुन्या गाडीवर कार्बुरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन, म्हणजे मोजून पेट्रोल फवारणारी विजेवरची यंत्रणा, बसवण्याची हौस आता कोकणातही दिसू लागली आहे, आणि असे किट बसवताना सर्वांत कमी लक्ष ज्या कामाकडे दिले जाते ते म्हणजे अर्थिंग, म्हणजेच प्रवाह गाडीच्या धातूतून बॅटरीकडे परत नेणारी जोडणी. या जीपचे बाकी काम नेटके होते. चूक दोन तारांत आणि तीन सांध्यांत होती. पण तिने इंजिन, रेडिएटर आणि सेन्सर या तिघांवर खोटा आळ आणला होता.

वाहनाची पार्श्वभूमी

जीप महिंद्राने विलीजच्या परवान्याखाली भारतात बनवलेली सीजे-३बी होती. तिचे उंच बॉनेट ज्या हरिकेन इंजिनासाठी आहे, त्याची रचना आजच्या इंजिनांपेक्षा वेगळी आहे. त्याचे सेवनाचे व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि निकासाचे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात. क्षमता १३४ घन इंच, म्हणजे सुमारे २.२ लिटर. सेवनाचा मार्ग हेडच्या ओतकामातच असल्यामुळे कार्बुरेटर थेट हेडवर बसतो. म्हणूनच एका गळ्याची थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारा भाग, एका जोडपट्टीच्या साहाय्याने त्याच जागी बसवणे तुलनेने सोपे जाते. या जीपवर तसेच किट होते. थ्रॉटल बॉडीतच इंजेक्टर आणि नियंत्रक, म्हणजे ईसीयू. हेडमध्ये पाण्याच्या तापमानाचा दोन तारांचा सेन्सर. सायलेन्सरच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर. टाकीजवळ विजेवर चालणारा फ्युएल पंप. आणि ईसीयूच्या हुकमाने चालणारा रेडिएटरचा विजेचा पंखा. मूळ डायनामोच्या जागी अल्टरनेटर बसवलेला होता. जीप १२ व्होल्टची आणि ऋण अर्थिंगची होती, म्हणजे बॅटरीचे ऋण टोक गाडीच्या धातूला जोडलेले होते. (१९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्या धन अर्थिंगच्या असत, तशा गाडीवर असे किट बसवण्याआधी सगळी गाडी ऋण अर्थिंगची करून घ्यावी लागते, हे जाता जाता सांगून ठेवतो.)

या प्रकरणाचे मूळ मात्र इंजेक्शनच्याही आधीच्या एका चांगल्या कामात आहे. दोन वर्षांपूर्वी मालकांनी जीपचे संपूर्ण नूतनीकरण करून घेतले होते. बॉडी चेसीवरून उतरवली, चेसीचा गंज वाळूच्या माऱ्याने काढला, तिच्यावर जाड पावडर कोटिंग केले आणि बॉडी नव्या रबरी गाद्यांवर बसवली. समुद्रापासून दीड किलोमीटरवर राहणाऱ्या माणसाने गंजाविरुद्ध जे जे करावे ते सर्व त्यांनी केले होते. पण पावडर कोटिंग हे विजेचे उत्तम रोधक आहे आणि रबरही तसेच. मूळच्या जीपमध्ये बॅटरी, चेसी, बॉडी आणि इंजिन यांच्यात धातूला धातू टेकून जे अनेक लहानमोठे मार्ग तयार झालेले असतात, ते या नूतनीकरणात एकेक करून बंद झाले. चेसी आणि बॉडी यांच्यात विजेच्या वाटेला उरले ते बोल्टचे आटे, आणि चेसी व इंजिन यांच्यात उरली ती तांब्याची जुनी विणलेली पट्टी. ती पट्टी नूतनीकरणातही बदललेली नव्हती, कारण ती दिसायला शाबूत होती. गंजापासून पत्रा वाचवणे आणि अर्थिंग टिकवणे ही दोन कामे एकमेकांच्या विरोधात जातात, हे किनारपट्टीवर गाडी सजवणाऱ्या प्रत्येकाने आधीच ध्यानात घ्यायला हवे.

कार्बुरेटर असताना याचा त्रास जाणवला नव्हता, आणि तेही स्वाभाविक होते. कार्बुरेटर काहीही मोजत नाही. अर्थिंग अर्धवट असली तर सेल्फ थोडा जड फिरतो, दिवे किंचित मंद लागतात, एवढेच. इंजेक्शनच्या बाबतीत अर्थिंगला दुसरे आणि अधिक नाजूक काम असते. ईसीयू प्रत्येक सेन्सरचे व्होल्टेज आपल्या स्वतःच्या अर्थच्या तुलनेत मोजतो. म्हणजे त्याच्या दृष्टीने अर्थ हा मोजपट्टीवरचा शून्य असतो. तो शून्यच सरकला, तर सेन्सर कितीही नवा असला तरी त्याचे माप खोटे येणार.

पहिल्या दिवसाची तपासणी

जीप पावसातून आली होती. इंजिन गरम होते. आम्ही ती झाकलेल्या जागेत आयडलिंगवर ठेवली आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने थर्मोस्टॅटच्या घराचे तापमान घेतले. ते ८२ अंश सेल्सिअस होते आणि पडद्यावर ८६ दिसत होते. अशा थर्मामीटरच्या मापात चार अंशांचा फरक पडू शकतो म्हणून त्या क्षणी तो मी सोडून दिला. पुढे कळले की तो फरकही याच दोषाचा होता. मग हेडलाइट लावले. पडद्यावरचा आकडा डोळ्यांदेखत ९४ वर गेला. किटमध्ये पंख्याची वेळ ९३ अंशांना ठरवलेली असल्यामुळे पंखा सुरू झाला, आणि तो सुरू होताच आकडा १०३ झाला. थर्मामीटर अजूनही ८२ च दाखवत होता.

निदानाची दिशा इथेच ठरली. ओतीव लोखंडाचे इंजिन आणि त्यातले कित्येक लिटर पाणी एका सेकंदात आठ अंशांनी तापूच शकत नाही, आणि पंखा लागल्यावर तर आकडा खाली यायला हवा. पंख्याने तो वर गेला, याचा अर्थ पडदा जे मोजत होता ते तापमान नव्हतेच. तो गाडीतला विजेचा भार मोजत होता. शिवाय यात एक दुष्टचक्र होते. दिव्यांमुळे खोटे तापमान वाढे, त्यामुळे पंखा लागे, पंख्याच्या दहा अँपिअरमुळे खोटे तापमान आणखी वाढे, आणि मग पंखा बंद होण्याची वेळच येत नसे. मालकांनी सांगितलेले "रात्री तापते" हे निरीक्षण शब्दशः खरे होते. चुकले होते ते त्यावरून काढलेले अनुमान.

त्यानंतर मल्टिमीटर हातात घेतला, पण कंटिन्युइटीच्या, म्हणजे जोडणी अखंड असल्याचे सांगणाऱ्या, बीपसाठी नव्हे. आधीच्या कारागिरांनी तीच चाचणी केली होती आणि सगळीकडे बीप वाजला होता. मीटरच्या साध्या दांड्या आणि तारा यांचाच रोध ०.२ ते ०.३ ओम भरतो आणि मीटर या चाचणीत काही मिलिअँपिअरच प्रवाह सोडतो. वेणीतल्या शंभर तंतूंपैकी एक तंतू जिवंत असला तरी बीप वाजतो. आपण शोधत असलेला दोष मात्र ओमच्या हजाराव्या भागांत असतो. तो दिसतो फक्त प्रवाह वाहत असताना, सांध्याच्या दोन बाजूंना मीटर लावून मिळणाऱ्या व्होल्टेजच्या घटीत.

म्हणून मीटर डीसी व्होल्टवर ठेवून, इंजिन चालू, दिवे आणि पंखा लागलेले, अशा स्थितीत मोजणी केली. इंजिनाचा ब्लॉक आणि चेसी यांच्यात ०.१५ व्होल्ट मिळाले. चेसी आणि बॉडीचा पुढचा पडदा, म्हणजे इंजिन व माणसे यांच्यामधला पत्रा, यांच्यात ०.१३ व्होल्ट. एकूण ०.२८ व्होल्ट. त्या वेळी या वाटेने सुमारे २५ अँपिअर वाहत होते, त्यामुळे पहिल्या सांध्याचा रोध साधारण ६ मिलिओम आणि दुसऱ्याचा साधारण ५ मिलिओम निघतो. आकडे क्षुल्लक वाटतात. तारा कुठे कुठे जोडल्या आहेत हे पाहिल्यावर मात्र ते क्षुल्लक राहिले नाहीत.

किट बसवणाऱ्या कार्यशाळेने ईसीयूची लाल तार पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे थेट बॅटरीच्या धन टर्मिनलला नेली होती; काळी तार मात्र जवळ सापडलेल्या बॉडीच्या एका बोल्टला लावली होती. त्याच बोल्टवर पंख्याची आणि हॉर्नचीही अर्थ होती. दुसरी गोष्ट अधिक गंभीर होती. तापमानाच्या सेन्सरसाठी हेडच्या मागच्या बाजूचे छिद्र निवडल्यामुळे किटची वायर कमी पडली होती. त्यांनी सेन्सरची संकेताची तार लांबवली, पण परतीची तार तोडून सेन्सरशेजारच्या इंजिनाच्या बोल्टवर घट्ट केली. सेन्सरची ही परतीची तार ईसीयूच्या आत ठरलेल्या जागीच जायला हवी होती. अर्थ तर सगळीकडे एकच, या समजुतीतून ही चूक होते, आणि ती मी इतर गाड्यांवरही पाहिली आहे. परिणाम असा की ईसीयूचा शून्य बॉडीवर होता आणि सेन्सरचा शून्य इंजिनावर, आणि त्या दोन शून्यांच्या मध्ये ते दोन कळकलेले सांधे उभे होते.

एकाच सांध्याच्या दोन उलट चुका

इंजिन चालू असताना गाडीतला सगळा प्रवाह अल्टरनेटर पुरवतो, आणि अल्टरनेटर इंजिनावरच बसलेला असतो. दिवे, पंखा, पंप यांतून गेलेला प्रवाह बॉडीतून चेसीत, चेसीतून त्या विणलेल्या पट्टीने इंजिनात आणि तिथून अल्टरनेटरच्या अंगात परत जातो. त्यामुळे इंजिनाचे व्होल्टेज बॉडीपेक्षा खाली राहते. या जीपमध्ये ते ०.२८ व्होल्टने खाली होते. तापमानाचा सेन्सर तापेल तसा आपला रोध कमी करतो; या प्रकारच्या सेन्सरचा रोध ८० अंशांना सुमारे ३३० ओम आणि १०० अंशांना सुमारे १७७ ओम असतो. ईसीयू आतल्या सुमारे अडीच हजार ओमच्या रोधातून त्याला ५ व्होल्ट देतो आणि मधल्या बिंदूचे व्होल्टेज वाचतो. गरम इंजिनावर ते मुळातच अर्ध्या व्होल्टच्या आसपास असते. त्यातून पाव व्होल्ट वजा झाले की ईसीयूला रोध निम्मा झाल्यासारखा दिसतो, म्हणजेच इंजिन वीस अंशांनी अधिक तापलेले दिसते. हिशेब मांडून पाहिला तेव्हा ८२ अंशांच्या इंजिनाला ०.२८ व्होल्टच्या चुकीने १०३ च्या जवळ आकडा येतो, आणि पडद्यावर तोच होता. दिवे बंद असतानाचा चार अंशांचा फरकही याच हिशेबात चपखल बसला.

सेल्फ मारताना हेच सगळे उलटे होते. त्या वेळी प्रवाह बॅटरी पुरवते आणि तो सेल्फच्या अंगातून, म्हणजे इंजिनातून, पट्टीने चेसीत आणि चेसीतून बॅटरीकडे परत जातो. क्लॅम्प मीटरवर सेल्फचा प्रवाह साधारण १८० अँपिअर दिसला. सहा मिलिओमच्या सांध्यात तो १.१ व्होल्टची घट करतो, आणि आता इंजिन बॉडीपेक्षा वर जाते. संकेतात व्होल्ट वाढला की ईसीयूला इंजिन थंड वाटते. गरम इंजिन बंद करून पुन्हा सेल्फ मारला तेव्हा थर्मामीटरवर ८८ अंश होते आणि पडद्यावर, सेल्फ फिरत असेपर्यंत, ५० च्या आसपासचा आकडा होता. ईसीयूने त्या आकड्यावर विश्वास ठेवून कोमट इंजिनाला लागते तेवढे पेट्रोल ओतले आणि गरम इंजिन फ्लड झाले. पेट्रोलचा वास आणि लवकर सुरू न होणे यांचे कारण हे. सेल्फ सोडला की आकडा लगेच जागेवर येई, त्यामुळे पडद्याकडे पाहण्याचे कुणाला सुचले नव्हते.

मला या प्रकरणातला हाच भाग सर्वांत बोलका वाटतो. गाडी चालताना "फार गरम" आणि सुरू करताना "फार थंड", अशा दोन परस्परविरोधी तक्रारी असल्या की कारागीर दोन वेगळे दोष शोधू लागतो. इथे दोष एकच होता, आणि प्रवाहाची दिशा बदलली की चुकीची दिशा बदलत होती.

पडदा काळा पडण्याचेही कारण त्याच वाटेवर सापडले. बॅटरीची ऋण केबल चेसीला जिथे बोल्टने बसवली होती, तिथे पावडर कोटिंग पूर्ण खरवडलेले नव्हते. सेल्फ फिरताना त्या एका सांध्यात ०.४ व्होल्ट जात होते. मीटरच्या किमान नोंदीत सेल्फ मारण्याच्या पहिल्या क्षणी बॅटरीच्या टोकांवर ८.९ व्होल्ट आणि ईसीयूच्या टोकांवर ७.२ व्होल्ट मिळाले. थांबलेला सेल्फ पहिल्या झटक्यात त्याच्या फिरत्या प्रवाहाच्या दुप्पट-तिप्पट प्रवाह खेचतो, त्यामुळे हा क्षण सर्वांत कसोटीचा असतो.

आणखी एक पुरावा हाती लागला, तो मीटरशिवाय दिसणारा होता. अ‍ॅक्सिलरेटरची केबल ओढताना मध्येच अडकत होती. ती काढून पाहिली, तर इंजिनाकडच्या टोकाजवळ तिच्या आतले प्लॅस्टिकचे अस्तर मऊ होऊन तारेला चिकटले होते. सेल्फच्या प्रवाहाला पट्टीतून पुरेशी वाट मिळाली नाही, म्हणून त्यातला काही भाग थ्रॉटल बॉडीतून या केबलच्या पोलादी आवरणाने बॉडीकडे जात होता आणि वाटेत केबल तापवत होता. जुन्या गाडीत चोकची किंवा अ‍ॅक्सिलरेटरची केबल विनाकारण जड झाली असेल, तर तिला तेल घालण्याआधी इंजिनाची अर्थिंग तपासावी. ही केबल ऐन घाटात उघडी अडकली असती तर काय झाले असते, याचा विचार मालकांनाही अस्वस्थ करून गेला.

पट्टी आणि खारी हवा

विणलेली पट्टी काढून तिचे टोक कापले. बाहेरून ती मळकट तपकिरी होती; थिंबलच्या, म्हणजे टोकावरच्या धातूच्या टोपीच्या, आत तांब्याचा रंगच उरला नव्हता, हिरवट पूड होती. बोटांनी चुरगळली तर तंतू मोडत होते. कोकणात हे अटळ आहे. किनाऱ्यावरच्या हवेत मिठाचे बारीक कण असतात, ते हवेतला ओलावा धरून ठेवतात, आणि रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. उघड्या वेणीत तंतूंमधल्या फटी केशनळीप्रमाणे खारे पाणी आत ओढतात. त्यात जांभ्याची तांबडी धूळ बसली की ती ओल्या पोटिसासारखी महिनोन्‌महिने चिकटून राहते. मालक जीप विहिरीच्या पाण्याने धूत असत, आणि मे महिन्यात त्यांच्या विहिरीचे पाणी मचूळ होते. हेही त्यांनी बोलता बोलता सांगितले. डिसेंबरमध्ये इंजेक्शन बसवले तेव्हा सांधे कोरडे होते आणि सगळे ठीक चालले. आंब्याचा हंगाम निर्विघ्न गेला. जूनमध्ये पाऊस लागला आणि जुलैपासून तक्रारी सुरू झाल्या.

अशा वेणीचा एक गुण मान्य करायला हवा. ती लवचीक असते, हलत्या इंजिनाला सोसते आणि स्पार्कच्या गोंगाटासारख्या उच्च वारंवारतेच्या प्रवाहाला चांगली वाट देते. तरीही समुद्राजवळ राहणाऱ्या गाडीसाठी मी उघडी वेणी आता वापरत नाही. मिरकरवाडा बंदरात मासेमारी बोटींचे वायरिंग करणारे कारागीर ज्या कथिलाचा मुलामा असलेल्या तांब्याच्या केबल वापरतात, त्याच आम्ही या कामासाठी आणल्या. अशा केबलमध्ये प्रत्येक तंतूवर कथिलाचा थर असतो, त्यामुळे आवरणाखाली हिरवा गंज सरकत जाण्याचा प्रकार फार मंदावतो. किंमत साध्या केबलपेक्षा बरीच जास्त आहे. पण जीपला एकूण चार मीटरही केबल लागली नाही.

दुरुस्ती

कामाचा क्रम मुद्दाम ठरवला होता. सर्वांत आधी मोठ्या प्रवाहाची वाट पक्की केली आणि ईसीयूला शेवटी हात लावला. याचे कारण सुरक्षिततेचे आहे. इंजिनाची मुख्य अर्थिंग नसताना ईसीयूच्या बारीक काळ्या तारा बॅटरी आणि इंजिन यांना जोडत असतील, तर सेल्फचा प्रवाह त्या तारांतून वाट शोधतो आणि तारा किंवा सर्किट जळून जाते. त्यामुळे काम चालू असताना बॅटरी सोडवून ठेवली होती.

बॅटरीच्या ऋण टर्मिनलपासून सेल्फच्या माउंटिंग बोल्टपर्यंत ३५ चौरस मिलिमीटरची केबल थेट नेली. मूळ रचनेत ती चेसीमार्गे जात असे. चेसी मध्ये घेण्याचे आता काही कारण नव्हते. त्याच टर्मिनलपासून चेसीला १६ चौरस मिलिमीटरची दुसरी केबल आणि इंजिनाच्या ब्लॉकपासून बॉडीच्या पत्र्याला तेवढ्याच जाडीची तिसरी केबल दिली. इंजिन रबरी माउंटिंगवर हलते, म्हणून तिसऱ्या केबलला सैल वळण ठेवले. लग, म्हणजे केबलच्या टोकाची बोल्टखाली बसणारी धातूची कडी, षटकोनी डायने दाबून बसवले आणि त्यांच्या तोंडावर आतून गोंद असलेली उष्णतेने आकसणारी नळी चढवली. लगवर डाग (सोल्डर) द्यावा का, असे मला नेहमी विचारले जाते. नीट दाबलेल्या लगला डाग लागत नाही, आणि डागाचे कथिल तारेत वर चढले की तार तिथे ताठ होऊन कंपनांनी तुटते, त्यामुळे मी देत नाही.

सांध्याची जागा तयार करणे हे सगळ्यांत वेळखाऊ काम होते, आणि ते तसेच असायला हवे. लगच्या चकतीएवढाच गोल भाग पत्र्यावर आणि चेसीवर घासून पांढराशुभ्र धातू उघडा केला. त्याहून जास्त नाही. प्रवाह बोल्टमधून जात नाही, तो लग आणि धातू यांच्या टेकलेल्या पृष्ठभागातून जातो. बोल्ट फक्त दाब देतो. म्हणून पत्रा आणि लग यांच्यामध्ये वॉशर ठेवायचा नसतो, वॉशर वरून. घासल्यावर लगेच लग बसवून पूर्ण आवळला, आणि त्यानंतर वरून रंग आणि पेट्रोलियम जेलीचा जाड थर दिला. क्रम उलटा झाला, म्हणजे आधी रंग आणि मग बोल्ट, तर पुन्हा तोच दोष तयार होतो. पेट्रोलियम जेली वीज वाहून नेत नाही. ती ओलाव्याला बाहेर ठेवते, आणि आवळलेल्या धातूंच्या मधून आपोआप बाजूला होते.

त्यानंतर ईसीयूची काळी तार बॉडीच्या बोल्टवरून काढून ६ चौरस मिलिमीटरच्या तारेने थेट बॅटरीच्या ऋण टर्मिनलला नेली, कारण या किटच्या पुस्तिकेत तसे स्पष्ट लिहिलेले होते. काही ईसीयूंच्या पुस्तिका ती इंजिनाच्या ब्लॉकवर एकाच बिंदूला आणायला सांगतात. दोन्ही पद्धतींना आधार आहे. ज्या किटची जी सूचना आहे तीच पाळावी, आपली आवड तिथे चालवू नये. सेन्सरची तुटलेली परतीची तार तिच्या मूळ वायरला पुन्हा जोडली, संकेताच्या तारेबरोबर पीळ देऊन नेली आणि इंजिनाच्या बोल्टवरचा तिचा सांधा कायमचा काढून टाकला. पंखा आणि फ्युएल पंप यांच्या अर्थ चेसीवरच्या नव्या सांध्यावर स्वतंत्र घेतल्या. स्पार्क प्लगच्या वायर जुन्या, नुसत्या तांब्याच्या गाभ्याच्या होत्या. त्या रोधक गाभ्याच्या बसवल्या, कारण तांब्याच्या वायरमधून निघणारा विद्युत गोंगाट ईसीयूच्या आरपीएमच्या संकेतात शिरतो. अ‍ॅक्सिलरेटरची केबल नवी टाकली.

एक काम विसरून चालणार नव्हते. हे ईसीयू ऑक्सिजन सेन्सरच्या आधारे पेट्रोलचे प्रमाण स्वतः शिकत जाते, पण इंजिन ठरावीक तापमानाला पोहोचल्यावरच. गेले दोन महिने खोट्या तापमानामुळे ते इंजिन पुरते तापण्याआधीच शिकू लागले होते आणि थंड इंजिनाला लागणारे जादा पेट्रोल त्याने कायमचे म्हणून नोंदवून ठेवले होते. अर्थिंग दुरुस्त झाली तरी ही चुकीची शिकवण मागे राहिली असती. ती पुसून पहिल्यापासून सुरुवात केली आणि रत्नागिरी–पावस रस्त्यावर चढ, उतार, सपाटी आणि बाजारातली गर्दी असे सगळे मिळून दीडेक तास जीप चालवली.

मोजलेला फरक

सेल्फ फिरताना बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिनाचा ब्लॉक यांच्यातली घट आधी चेसी धरून दीड व्होल्ट होती, ती ०.११ व्होल्टवर आली. दिवे, पंखा, वायपर, हॉर्न असे सगळे लावून ईसीयूची अर्थ आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यात ०.०२ व्होल्ट मिळाले. सेल्फ मारण्याच्या पहिल्या क्षणी ईसीयूवर आता जवळजवळ बॅटरीच्या टोकांइतकेच व्होल्टेज टिकले. बॅटरी तीच होती, फक्त सेल्फ आता हलका फिरत होता. पडद्यावरचे तापमान आणि थर्मामीटर यांच्यात दोन अंशांचा फरक राहिला आणि दिवे लावल्याने तो हलला नाही. गरम इंजिन पहिल्याच सेल्फला सुरू झाले. मालक त्या वेळी शेजारीच उभे होते. त्यांनी स्वतः दिवे तीनदा लावून-विझवून पडद्याकडे पाहिले आणि मगच चावी खिशात घातली.

आकड्यांच्या मर्यादेबद्दल आमच्या कार्यशाळेची पद्धत अशी आहे की, सेल्फ फिरताना बॅटरी ते ब्लॉक ही घट ०.२ व्होल्टच्या आत आणि ईसीयूच्या अर्थची घट पूर्ण भारावर ०.०५ व्होल्टच्या आत असल्याशिवाय इंजेक्शनच्या गाडीतला कोणताही सेन्सर बदलायचा नाही. ही मोजणी दहा मिनिटांची आहे. मालकांनी सुटे भाग आणि रेडिएटर यांवर घालवलेला पैसा या सगळ्या केबल, लग आणि मजुरी मिळून झालेल्या खर्चाच्या तिप्पट होता, याची खंत मला वाटते. कारण आधीच्या कारागिरांनी प्रामाणिकपणेच काम केले होते, त्यांनी फक्त पडद्यावरच्या आकड्याला तापमान मानले.

जीपच्या टूलबॉक्समध्ये आम्ही एक प्लॅस्टिकचे कार्ड ठेवले आहे. त्यावर चारही सांध्यांची नावे, मोजण्याची पद्धत आणि त्या दिवशीची घट लिहिलेली आहे, आणि दर पावसाळ्याच्या आधी व नंतर भरायचे रकाने आहेत. दसऱ्यानंतर जीप पहिल्या मोजणीसाठी आली, तेव्हा तीन सांधे जसेच्या तसे होते. चौथा, ब्लॉकपासून बॉडीला जाणारा, ०.०१ वरून ०.०४ वर गेला होता. उघडून पाहिले तर पत्र्याच्या मागच्या बाजूने, चाकाने उडवलेले पाणी जिथे थेट येते तिथे, आम्ही जेली लावायची राहिली होती आणि बोल्टभोवती तांबूस वर्तुळ धरू लागले होते. जागा पुन्हा घासली, सांधा आवळला, या वेळी दोन्ही बाजूंनी झाकला, आणि कार्डावर ०.०१ लिहून तारीख टाकली.